रेणूला स्वभाव नसतो

डोपामिन हा शब्द वैद्यकाच्या पुस्तकांतून बाहेर पडून आता आपल्या बैठकीच्या खोलीत येऊन बसला आहे. पोराच्या हातातून मोबाइल सुटत नाही, तर त्याला 'डोपामिनची चटक लागली'. सकाळी गार पाण्याने अंघोळ केली, तर 'डोपामिन वाढते'. 2019 च्या सुमारास सिलिकॉन व्हॅलीत 'डोपामिनचा उपास' निघाला आणि तो आपल्याकडेही पोचला. उपासाला आपल्याकडे गिऱ्हाइकांची वाण कधीच नव्हती. या सगळ्या बोलण्यामागे एकच चित्र असते. डोपामिन हे सुखाचे रसायन, कॉर्टिसॉल हे ताणाचे. ताण वाढला की डोपामिन घटते आणि माणूस खचतो. तेव्हा ताण हटवा, डोपामिन भरून काढा, गाडी रुळावर.

हे चित्र अपुरे आहे एवढेच म्हणून भागणार नाही, कारण त्याची मांडणीच बिघडलेली आहे. ताणाच्या वेळी मेंदू जी पेप्टाइडे सोडतो ती डोपामिन वाढवतात की घटवतात, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. मेंदूच्या कोणत्या भागात, किती वेळाच्या मापाने, आणि त्या मेंदूने आधी काय सोसले आहे, हे सांगितल्याशिवाय तो प्रश्न पुराच होत नाही. यातली शेवटची अट सर्वांत वजनदार आहे आणि चर्चेत तीच सर्वांत आधी गळते.

1. दोन पेप्टाइडांची ओळख

हान्स सेली यांनी 1936 मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. उंदराला थंडी, जखम, विष किंवा अतिश्रम यांपैकी काहीही सोसावे लागले, तरी शरीराचा प्रतिसाद एकाच साच्यातला असतो, असे त्यांचे निरीक्षण होते: अ‍ॅड्रीनल ग्रंथी फुगतात, थायमस आकसतो, जठरात व्रण पडतात. हा प्रतिसाद सुरू करणारा मेंदूतला रेणू हाती लागायला मात्र पंचेचाळीस वर्षे गेली. कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये वायली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून तो वेगळा केला. 41 अमिनो आम्लांची ही साखळी म्हणजे कॉर्टिकोट्रोपिन रिलीझिंग फॅक्टर, थोडक्यात सीआरएफ.

पाठ्यपुस्तकातली सीआरएफची कथा इथेच थांबते: हायपोथॅलॅमस सीआरएफ सोडतो, पिट्युटरी जागी होते, अ‍ॅड्रीनल कॉर्टिसॉल ओतते. पण सीआरएफ बनवणाऱ्या पेशी अमिग्डलामध्येही आहेत, आणि इतरत्रही. त्यांचा पिट्युटरीशी संबंध नाही. त्या मेंदूतल्या मेंदूतच बोलतात, आणि ज्यांच्याशी बोलतात त्यांत डोपामिनच्या पेशी आहेत. म्हणजे रक्तातले कॉर्टिसॉल मोजून 'ताण मोजला' म्हणणारा माणूस या दुसऱ्या संभाषणाबद्दल काहीच मोजत नसतो.

दुसरे पेप्टाइड डायनॉर्फिन. अ‍ॅव्हरम गोल्डस्टीन यांच्या गटाने 1979 मध्ये ते उजेडात आणले. हे मेंदूचे स्वतःचे अफूसारखे रसायन आहे, पण मॉर्फिन ज्या म्यू ग्राहीवर बसून सुख देते, तिथे याचे मुख्य काम नाही. डायनॉर्फिन कॅप्पा ग्राहीवर बसते. 1986 मध्ये कॅप्पावर काम करणारे एक औषध निरोगी स्वयंसेवकांना देऊन पाहिले, तेव्हा त्यांना सुख मिळाले नाही. अस्वस्थता, उदासी आणि विचित्र भास मात्र झाले. 1988 मध्ये दी कियारा आणि इम्पेरातो यांनी उंदरांत दाखवले की कॅप्पा ग्राही चेतवले की न्यूक्लिअस अ‍ॅक्युम्बेन्समधले डोपामिन खाली येते.

या दोघांच्या कामाची रीतही समजून घ्यायला हवी. ग्लुटामेटसारखे साधे संदेशवाहक एका जोडणीवर, काही सहस्रांश सेकंदांत निरोप देऊन मोकळे होतात. पेप्टाइड पेशीच्या मुख्य भागात तयार होते, मोठ्या घट्ट पुटिकांत भरून लांबवर वाहून न्यावे लागते, आणि पेशी बराच वेळ झपाट्याने स्पंदत राहिली तरच बाहेर पडते. बाहेर पडल्यावर त्याला परत आत ओढून घेणारी यंत्रणा नाही. विकरे त्याचे तुकडे करेपर्यंत ते आसपास पसरते. घरात कोणी गंभीर आजारी असले की बोलणी तीच राहतात पण सगळ्यांचा सूर बदलतो, तसे हे काम आहे. सूर बदलणाऱ्या रेणूला 'वाढवणारा' किंवा 'घटवणारा' असा शिक्का मारणे म्हणूनच सुरुवातीपासून अवघड होते.

2. डोपामिन म्हणजे सुख, हे आधी सोडून देऊ

हा मुद्दा जुना आहे, म्हणून थोडक्यात. 1954 मध्ये ओल्ड्स आणि मिल्नर यांनी मॅगिल विद्यापीठात उंदरांच्या मेंदूत तारा बसवल्या आणि ते उंदीर स्वतःला विजेचे झटके देण्यासाठी दांडी दाबत राहिले, तेव्हापासून 'सुखाचे केंद्र' ही कल्पना चिकटली. पुढे केंट बेरिज यांनी डोपामिनच्या पेशी जवळपास नष्ट केलेल्या उंदरांच्या तोंडात साखरेचे पाणी सोडले. उंदीर पूर्वीसारखेच जिभल्या चाटत होते. गोडाची गोडी शाबूत होती. गोडापर्यंत जाण्याची ओढ मात्र उरली नव्हती. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांत दाखवले की डोपामिनच्या पेशी बक्षिसापेक्षा अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाला प्रतिसाद देतात. थोडक्यात, डोपामिनचा संबंध ओढीशी, शिकण्याशी, 'याकडे लक्ष दे' या इशाऱ्याशी आहे. एकदा हे मान्य केले की 'ताणात डोपामिन घटलेच पाहिजे' ही सक्ती आपोआप सुटते. संकटात लक्ष देण्याची गरज कमी कशी होईल?

3. कुठे?

1989 मध्ये अ‍ॅबरक्रॉम्बी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या शेपटीला विजेचे सौम्य झटके देत मेंदूच्या तीन भागांतले डोपामिन मोजले. स्ट्रायटममध्ये ते 25 टक्के वाढले, न्यूक्लिअस अ‍ॅक्युम्बेन्समध्ये 39 टक्के आणि मेंदूच्या पुढच्या आवरणात 95 टक्के. ताणात डोपामिन वाढते, हे तेव्हाच नोंदले गेले होते. 'ताण म्हणजे डोपामिनचा दुष्काळ' हे सुभाषित त्यानंतर तीस वर्षांनी समाजमाध्यमांवर फिरू लागले, यावरून सुभाषितांचा आणि नोंदींचा परस्परसंबंध काय असतो ते कळते.

आता पेप्टाइडांकडे येऊ. सीआरएफ अ‍ॅक्युम्बेन्समध्ये, म्हणजे डोपामिनचे तंतू जिथे पोचतात तिथे, सोडले की डोपामिनचा स्राव वाढतो. तेच सीआरएफ डोपामिनच्या पेशी जिथे राहतात त्या मध्यमेंदूतल्या व्हीटीए या भागात सोडले तर? वॉनाट, बोंची आणि फिलिप्स यांनी 2013 मध्ये दाखवले की अन्नाची गोळी मिळाल्यावर होणारा डोपामिनचा स्राव त्याने कमी होतो, पण गोळी येणार असे सांगणाऱ्या खुणेला होणारा स्राव तसाच राहतो. त्या उंदरांची गोळीसाठी कष्ट करण्याची तयारीही घटली. रेणू एक आणि डोपामिनची यंत्रणाही एक. काही मिलिमीटरचे अंतर बदलले आणि परिणामाची दिशा फिरली. इतकेच नव्हे, तर एकाच जागी खूण आणि बक्षीस यांना त्याने वेगवेगळे वागवले.

शिवाय व्हीटीएतल्या सगळ्या डोपामिन पेशी एका माळेचे मणी नाहीत. 2004 मध्ये अन्ग्लेस आणि सहकाऱ्यांना वेदनेने त्या पेशी शांत होताना दिसल्या, तर 2009 मध्ये त्याच क्षेत्राच्या खालच्या भागात वेदनेने चेतणाऱ्या डोपामिन पेशी सापडल्या. 'डोपामिनची पातळी' असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा यातल्या कोणत्या पेशींची, हे सांगायचे राहूनच जाते.

4. कधी?

इथे मोजण्याची साधने निर्णायक ठरतात. अ‍ॅबरक्रॉम्बींच्या पद्धतीत मेंदूतल्या बारीक नळीतून द्रव गोळा करतात. एका नमुन्याला कित्येक मिनिटे लागतात. व्होल्टामेट्रीत माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक कार्बनच्या तंतूवर विद्युतदाब झरझर वरखाली करतात आणि डोपामिनच्या ऑक्सिडीकरणाचा प्रवाह सेकंदाला दहा वेळा नोंदतात. पहिली पद्धत तलावाचे पाणी किती चढले ते सांगते, दुसरी प्रत्येक लाट दाखवते. तलाव चढत असताना लाटा लहान होऊ शकतात. मग डोपामिन वाढले म्हणायचे की घटले? दोन्ही वाक्ये खरी असू शकतात, आणि वर्तनावर दोहोंचा परिणाम वेगळा असतो.

काळाचे दुसरे माप दिवस-आठवड्यांचे. पॉल विलनर यांनी 1987 मध्ये उंदरांना आठवडेच्या आठवडे बारीकसारीक त्रास दिले: ओला भुसा, तिरका पिंजरा, रात्रभर दिवा. एकही त्रास जीवघेणा नव्हता. तरी ते उंदीर गोड पाण्याला पूर्वीइतका भाव देईनासे झाले. एका झटक्याने वाढणारे डोपामिन आणि आठवड्यांच्या कटकटीने मंदावणारी ओढ, या दोन्ही गोष्टी 'ताण' याच नावाखाली जमा होतात. या नावाखाली आपण फार सामान कोंबले आहे असे माझे मत आहे.

5. आधी काय घडले आहे?

आता मुख्य मुद्दा. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ज्युलिया लेमोस, पॉल फिलिप्स, चार्ल्स चावकिन आणि सहकाऱ्यांनी केलेला आणि 2012 मध्ये 'नेचर'मध्ये आलेला प्रयोग जवळून बघण्यासारखा आहे.

पहिली पायरी: ज्यांना काहीही त्रास दिलेला नाही अशा उंदरांच्या अ‍ॅक्युम्बेन्समध्ये सीआरएफने डोपामिनचा स्राव वाढला. हे सीआरएफच्या दोन्ही ग्राहींच्या एकत्र कामातून होते. दुसरी पायरी: हे उंदराला कसे वाटते? त्यासाठी वेगवेगळ्या रूपाच्या दोन कप्प्यांची पेटी वापरतात. एका कप्प्यात असताना सीआरएफ द्यायचे, दुसऱ्यात नुसता द्रव, आणि नंतर उंदराला मोकळे सोडून तो कुठे रमतो ते पाहायचे. उंदीर सीआरएफच्या कप्प्यात जास्त वेळ रमले. ज्याला आपण ताणाचे रसायन म्हणतो, ते त्यांना हवेसे वाटले होते. हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला खटकते, पण विचार केला तर खटकण्याचे कारण नाही. नव्या जागेत शिरताना, अनोळखी वस्तू हुंगताना थोडा ताण असतोच, आणि त्या ताणाने प्राणी पळून न जाता पुढे सरकतो.

तिसरी पायरी: दुसऱ्या उंदरांना दोन दिवस सक्तीने पोहायला लावले. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे, दुसऱ्या दिवशी सहा-सहा मिनिटांच्या चार फेऱ्या. पाणी कोमट, पण भांड्यातून बाहेर पडायला वाट नाही. थोड्या वेळाने उंदीर धडपड सोडून नुसता तरंगत राहतो. या दोन दिवसांनंतर त्याच जागी, तेच सीआरएफ दिले, तर डोपामिन हलले नाही. आणि पेटीच्या परीक्षेत उंदीर आता सीआरएफचा कप्पा टाळू लागले. हवेसे वाटणारे नकोसे झाले. तपासणी किमान नव्वद दिवस चालू होती आणि तेवढ्या काळात गमावलेला परिणाम परत आला नाही. प्रयोगशाळेतला उंदीर जेमतेम दोन-अडीच वर्षे जगतो. त्याच्या आयुष्याचा हा मोठा तुकडा आहे.

इथे सीआरएफ कमी झाले असे म्हणता येणार नाही, कारण ते संशोधकांनी बाहेरूनच दिले होते. डोपामिनच्या पेशीही मेल्या नव्हत्या. बदलले होते ते नाते. ताण आला की त्याच्याकडे झेपावण्याला जो रासायनिक आधार होता तो निघून गेला, आणि पुढचा प्रत्येक लहान ताण फक्त टाळण्याजोगा उरला.

याच घराण्यातले आणखी एक काम सांगतो. 2008 मध्ये लँड, ब्रूखास, चावकिन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ताणातल्या सीआरएफमुळे डायनॉर्फिन सुटते आणि ताणाची बोचरी, नकोशी बाजू कॅप्पा ग्राहींमार्फत ठसते. म्हणजे ज्या सीआरएफने ओढ जागवली, त्याच्याच दुसऱ्या वाटेवर नावड बसलेली आहे. उलट बाजूचे उदाहरणही आहे: व्हीटीएतल्या सीआरएफने डोपामिन सोडायला लावणे कोकेनची सवय लागलेल्या उंदरांत दिसले, न लागलेल्यांत नाही, असे 2005 मध्ये रॉय वाइज यांच्या गटाने दाखवले. पोहण्याच्या सक्तीने एक दार बंद झाले, कोकेनने दुसरे उघडले. इतिहास दोन्हीकडे बोलतो.

'तुझे डोपामिन तूच ठिकाणावर आण' असा सल्ला खचलेल्या तरुणाला दिला जातो, तेव्हा मला म्हणूनच राग येतो. त्या सल्ल्यात डोपामिन म्हणजे खर्च-जमेची वही, आणि ती नीट न ठेवणारा माणूस बेशिस्त. पण ज्या मेंदूत वाटाघाटीचे नियमच बदलले आहेत, त्याला 'जमा वाढव' म्हणून काय उपयोग? फोन दूर ठेवण्याने झोप सुधारेल, अभ्यास होईल, आणि ती चांगली कारणे आहेत. त्यासाठी डोपामिनच्या नावाची गरज नाही.

6. तीन आक्षेप

पहिला आक्षेप: हे सगळे उंदरांचे, माणसाचे काय? माणसाच्या अ‍ॅक्युम्बेन्समध्ये सीआरएफ सोडून बघता येत नाही, हे खरेच. पण अप्रत्यक्ष पुरावा आहे. मॉन्ट्रियलमध्ये प्रूसनर आणि सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना घाईत, टोमणे ऐकत गणिते करायला लावली आणि पेट स्कॅनने डोपामिनचा स्राव पाहिला. 2004 मधल्या या अभ्यासात ज्यांनी बालपणी आईकडून कमी माया मिळाल्याचे सांगितले होते, त्यांच्या स्ट्रायटमच्या खालच्या भागात लक्षणीय स्राव झाला. ज्यांना भरपूर माया मिळाली होती त्यांच्यात झाला नाही. लोक फार थोडे होते, त्यामुळे या अभ्यासावर इमारत उभारू नये. पण 'ताणात डोपामिन घटते' हे वाक्यही अशाच उंदरांच्या आणि अशाच स्कॅनच्या पुराव्यावर उभे आहे. पुरावा माझ्यासाठी अपुरा असेल तर तो त्या वाक्यासाठीही अपुराच.

दुसरा आक्षेप: पार्किन्सनमध्ये डोपामिन कमी होते, लेव्होडोपा दिले की रुग्ण चालू लागतो, मग कमी-जास्तीची भाषा चूक कशी? तिथे ती चूक नाही, कारण तिथे पेशी खरोखर मरतात आणि भरपाई हाच उपाय असतो. पण त्याच आजारात डोपामिनसारखी क्रिया करणारी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना जुगाराची अनावर ओढ लागते, हेही डॉक्टरांना ठाऊक आहे. 'जास्त डोपामिन' कुठे पोचले, यावर तो माणूस हिंडूफिरू लागेल की घर विकेल हे ठरते.

तिसरा आक्षेप सर्वांत धारदार आहे: सगळेच 'अवलंबून' असेल तर हे ज्ञान कशाला उपयोगी? 2013 मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन गटांनी व्हीटीएतल्या डोपामिन पेशी प्रकाशाने चेतवल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकात आठवडेच्या आठवडे चाललेल्या कटकटीने खचलेले उंदीर सावरले. दुसऱ्यात दांडग्या उंदराकडून मार खाल्लेले उंदीर त्याच प्रकारच्या चेतवण्याने खचले. साध्या चित्राच्या भक्ताला यातला एक प्रयोग खोटा मानावा लागतो. इतिहास हिशेबात धरणाऱ्याला मानावा लागत नाही: दोन्हीकडचा ताण वेगळा होता, आणि ताण व उपचार यांचा क्रमही वेगळा होता. 'अवलंबून' या शब्दाला इथे तपासता येण्याजोगा अर्थ आहे.

औषधांच्या इतिहासातही तो तपासता येतो. सीआरएफचा पहिला ग्राही अडवणारी औषधे नैराश्य आणि चिंतेसाठी वर्षानुवर्षे चाचण्यांत घातली गेली आणि एकामागून एक पडली. त्या जातीचे एक औषध, क्रिनेसरफाँट, अखेर डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, पण मनाच्या आजारासाठी नाही. अ‍ॅड्रीनल ग्रंथीच्या एका जन्मजात विकारासाठी, जिथे सीआरएफ पिट्युटरीवर नेमके काय करते हे आधीच ठाऊक होते. कॅप्पा अडवणाऱ्या अ‍ॅटिकाप्रंटची गोष्ट आणखी बोलकी आहे. 2020 मध्ये रोगाच्या नावावरून न निवडता, आनंद घेण्याची क्षमता घटलेले लोक निवडून ते दिले, तेव्हा बक्षिसाच्या अपेक्षेने स्ट्रायटमचा खालचा भाग अधिक चेतला. पुढे नैराश्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या आणि पुरेसा फायदा न दिसल्याने 2025 मध्ये त्या थांबवल्या.

हे अपयश माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे असा दावा मी करणार नाही. औषध पडण्याची कारणे डोस, प्लासिबोचा जोर, चाचणीची बांधणी अशी पुष्कळ असतात. पण नैराश्याच्या चाचणीत माणसे घेताना लक्षणांची यादी आणि तिची बेरीज पाहतात. कोणाचा त्रास आठवड्यांच्या कटकटीतून आला, कोणाचा एखाद्या धक्क्यातून, कोणाचा बालपणापासूनचा, हे बहुतेक वेळा विचारले तरी गट पाडताना वापरले जात नाही. सिअ‍ॅटलच्या प्रयोगात पोहायला लावलेले आणि न लावलेले उंदीर एकत्र मिसळून सरासरी काढली असती, तर पेटीच्या परीक्षेत सीआरएफचा परिणाम जवळपास शून्य आला असता, आणि सीआरएफचा ओढीशी किंवा नावडीशी काही संबंध नाही असा निष्कर्ष निघाला असता.